विषय पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आहे

पत्र

ताई, नमस्कार. माझं नाव छापू नका. वय ३९. ठाण्यातल्या एका विनाअनुदानित बी.एड. कॉलेजात नऊ वर्षं शिकवते, राहते कोपरखैरण्याला. वडील मसाला मार्केटला माथाडी होते, गाव पाटण तालुक्यातलं. मराठीत एम.ए., मग एम.एड. केलं, त्यात ५८ टक्के. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, झालेली नाही.

शिक्षक-शिक्षण आणि समता या विषयात पीएच.डी. करावी असं फार दिवसांपासून मनात आहे. गाइड होता का म्हणून एका मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "समता हा मोठा विषय झाला, हाती काही लागायचं नाही. त्यापेक्षा 'बी.एड. प्रशिक्षणार्थ्यांचा समावेशक शिक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन' घ्या. प्रश्नावली तयार मिळते. दोन वर्षांत सुटाल." मावसभाऊ म्हणतो, परदेशातल्या विद्यापीठाची ऑनलाइन डॉक्टरेट कर, घरबसल्या होते. मिस्टर 'कर' म्हणतात. सासूबाई म्हणतात, आता डॉक्टर होऊन कुठला दवाखाना काढणार? मुलगा नववीत आहे. प्रबंध मराठीत लिहावा की इंग्रजीत, तेही ठरत नाही. वय निघून गेलंय का?

आणखी एक. गेल्या वर्षी एका महापालिका शाळेत सराव पाठ पाहत होते. घणसोली गावातली आमची एक विद्यार्थिनी सहावीला भूगोल शिकवत होती. बोलण्याच्या ओघात ती 'होडी'ला 'होरी' म्हणाली, 'पाणी'ला 'पानी'. मुलं हसली. एक मुलगा, जो तोवर बाकावर डोकं टेकून होता, उठून त्याच्या आजोबांच्या होरीबद्दल बोलायला लागला. मी वहीत शेरा लिहिला, 'उच्चार अशुद्ध. प्रमाणभाषा वापरावी.' त्यानंतरच्या पाठांत ती टाचण वाचून दाखवल्यासारखी शिकवत राहिली. याचा पीएच.डी.शी काही संबंध नाही, पण सांगावंसं वाटलं.

उत्तर

बाई,

नाव छापायचं नाही म्हणालात, म्हणून 'बाई' म्हणते. आपल्या धंद्यात हे नावापेक्षा मोठंच आहे. पत्र सहा पानी होतं, वर कापून दिलंय. शेवटचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण 'याचा पीएच.डी.शी काही संबंध नाही' हे वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ.

वय निघून गेलेलं नाही. जे निघून गेलंय ते जेआरएफचं वय. त्या शिष्यवृत्तीला ३० वर्षांची अट आहे, बायकांना ५ वर्षांची सूट धरली तरी ३५. म्हणजे महिना ३७ हजारांचा तो रस्ता तुमच्यासाठी बंद आहे, त्याचं दुःख एका संध्याकाळपुरतं करा. पण नेट देऊन पीएच.डी.ला प्रवेश घ्यायला वयाची कमाल अट नाही. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात, त्यातला तिसरा 'फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी' आहे. त्या गुणांना ७० टक्के वजन आणि मुलाखतीला ३०. फक्त लक्षात ठेवा, ते गुण एकच वर्ष चालतात. शिवाय विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा निघाली तर तिच्या जाहिरातीवरही डोळा ठेवा. तुमचे ५८ टक्के पुरतात, अट ५५ ची आहे.

मावसभावाला माझा नमस्कार सांगा आणि त्याचं ऐकू नका. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीची पीएच.डी. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, मानत नाही, २०२२ च्या नियमांत ते स्पष्ट आहे. पैसे जातील आणि नावाआधीचं 'डॉ.' कॉलेजच्या कपाटातच राहील.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मला आवडला. दवाखाना काढणार नसाल तर डॉक्टर कशासाठी? याचं उत्तर तुमच्याकडे आहे, तुम्ही ते चुकून पत्राच्या शेवटी टाकलंत. तिकडे येतेच.

तुम्हाला भेटलेल्या मॅडम वाईट नाहीत. त्या माझ्यासारख्याच आहेत, आणि तीच तर अडचण आहे. माझा स्वतःचा प्रबंध १९९० च्या दशकातला. ठाणे जिल्ह्यातल्या माध्यमिक शिक्षकांची अध्यापनविषयक अभिवृत्ती आणि लिंग, अनुभव, शाळेचं स्थान यांचा तौलनिक अभ्यास. ४१२ प्रश्नावल्या. तेव्हा पालघर वेगळं झालेलं नव्हतं, त्यामुळे जव्हार-मोखाड्यापर्यंत एसटीने हिंडले, ते दिवस फार छान होते. निष्कर्ष असा निघाला की ०.०५ स्तरावर सार्थक फरक आढळला नाही. शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'फरक नाही' या गृहीतकाचा, स्वीकार. पदवी मिळाली, पेढे वाटले. प्रबंध अजून आमच्या नौपाड्याच्या घरी कपाटावर आहे. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, वर लोणच्याची बरणी.

पण एक गोष्ट मी प्रबंधात लिहिली नाही. जव्हारच्या एका शिक्षकाने 'माझ्या शाळेतील वातावरण अध्यापनास पोषक आहे' या विधानापुढे पाचपैकी एकाही चौकोनात खूण केली नव्हती. समासात लिहिलं होतं, 'बाई, पाऊस पडला की दोन वर्ग एका खोलीत बसवतो. यातला पर्याय कुठला?' मी ती प्रश्नावली 'अपूर्ण' म्हणून बाजूला काढली. ४१२ मध्ये ती नाही. तीस वर्षं झाली, बाकीच्या ४१२ मधलं एक वाक्य मला आठवत नाही आणि ते एक विसरता येत नाही.

म्हणून सांगते, दृष्टिकोनाच्या प्रश्नावलीच्या नादी लागू नका. 'सर्व मुलांना समान संधी मिळावी असे मला वाटते' या वाक्यापुढे 'पूर्णतः असहमत'वर खूण करणारा प्रशिक्षणार्थी मला महाराष्ट्रात शोधून दाखवा. सगळे सहमत असतात. मी सहमत होते. तुम्ही होरीवर लाल पेन चालवलंत तेव्हा तुम्हीही सहमतच होतात. माणूस कागदावर काय मानतो आणि वर्गात काय करतो यात जे अंतर असतं तोच तुमचा विषय आहे, आणि प्रश्नावली नेमकं तेच अंतर पुसून टाकते. (आणि 'दोन वर्षांत सुटाल' हेही चूक आहे. आता किमान ३ वर्षं लागतात.)

समता हा मोठा विषय आहे हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण तो मोठा आहे म्हणून सोडायचा नसतो, बारीक जागी धरायचा असतो.

हा विषय बाहेरून आलेला नाही, एवढं आधी मनाशी पक्कं करा, कारण मुलाखतीत कुणीतरी विचारेल. १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं ते मुळातून वाचा. त्यात मुलांइतकंच मास्तरांबद्दल आहे. बहुतेक मास्तर अप्रशिक्षित, पगार १० रुपयांच्या वर क्वचित. त्यांचं म्हणणं होतं की प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घेऊन तयार करावेत, कारण ते गावच्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील. गरज पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे शिक्षक हवेत. त्यांच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञान हवं. प्रशिक्षित शिक्षकाला १२ रुपयांपेक्षा कमी पगार नको. शिक्षक कुठून यावा, त्याला काय शिकवावं, त्याने कुणात मिसळावं, त्याला काय मिळावं, हे चारही प्रश्न एकाच माणसाने एकाच निवेदनात विचारले. आपण बी.एड.ला त्यांची जयंती साजरी करतो, फलक लावतो आणि त्याच दिवशी दुपारी सराव पाठात 'शेतातली भाषा वर्गात नको' असं सांगतो.

दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं, म्हणजे तेव्हाच्या जिल्ह्यातलं. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात. ताराबाईंनी 'पालकांत जागृती नाही' असा निष्कर्ष काढून अहवाल पाठवला नाही. त्या बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात घेऊन गेल्या. आज देशभर जो शब्द आहे, 'अंगणवाडी', तो तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुलात काय कमी आहे हा प्रश्न त्यांनी फिरवून शाळेत काय कमी आहे असा केला. समतेवरच्या शंभर पुस्तकांत जे सापडेल ते या एका फिरवण्यात आहे.

आता तुमच्या प्रबंधाचा प्रश्न असाच फिरवा. गेली कित्येक वर्षं एम.एड., पीएच.डी.चे विषय बघतेय. 'वीटभट्टीवरील मुलांची संप्राप्ती', 'आदिवासी विद्यार्थ्यांच्या अध्ययनातील अडचणी', 'उर्दू माध्यमातील मुलांचे मराठी उच्चार'. दिवाळीनंतर मुरबाड-शहापूरहून कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर येतात, मागून आपले विद्यार्थी प्रश्नावल्या घेऊन जातात. मोजमाप नेहमी मुलाचं होतं. शिक्षक घडवणाऱ्याचं कुणी करत नाही. बी.एड. कॉलेज हे असं घर आहे जिथे सगळ्यांना आरसे विकतात आणि स्वतःच्या भिंतीवर एक नाही.

तुम्ही ती घणसोलीची मुलगी, बाकावर डोकं टेकलेला मुलगा आणि स्वतःचा लाल शेरा, तिघांना एका परिच्छेदात आणलंत. तिथे आरसा आहे.

तुम्ही लिहिलेला शब्द परत बघा. अशुद्ध. मराठीत आपण चूक उच्चाराला 'चूक' म्हणत नाही, 'अशुद्ध' म्हणतो. जणू पाणी बाटलं. 'शुद्ध' हा शब्द आधी सोवळ्याओवळ्याचा, मग व्याकरणाचा. तो देवघरातून शाळेत आला आणि येताना बरंच काही बरोबर घेऊन आला. आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'ल', दोन स्वरांमधल्या 'ड'चा 'र'. हा नियम आहे, गोंधळ नाही. ज्या मुलीच्या जिभेवर हा नियम आहे तिला आपण सांगतो की तुझी जीभ अशुद्ध आहे, आणि लगेच पुढच्या तासाला 'मुलाच्या परिसर भाषेचा आदर' या घटकावर नोट्स देतो. तो घटक आपल्या अभ्यासक्रमात आहे, परीक्षेत त्यावर टिपाही येतात. तीसुद्धा तो लिहून पास झाली असेल.

घणसोली म्हणजे कोण, हे तुम्ही कोपरखैरण्यात राहून जाणता. १९७० नंतर नवी मुंबई वसवताना सिडको या सरकारी महामंडळाने ज्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या त्यांतलं ते. खाडी, मीठ, भात, मासे गेले, सेक्टर आले. १९८४ साली जमिनीच्या आंदोलनात जासईला माणसं पोलिसांच्या गोळ्यांना सामोरी गेली तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची गोष्ट पुढे सरकली. जमिनीचं काहीतरी परत मिळालं. भाषेचे साडेबारा टक्के कोण देणार? सेक्टरमधल्या शाळेत त्या गावांची मुलं शिकतात, त्यांना शिकवायला त्यांच्याच गावची मुलगी उभी राहते, आणि ती ज्या क्षणी त्यांच्या आजोबांच्या शब्दात बोलते त्या क्षणी झोपलेलं पोर उठून उभं राहतं. अध्यापनशास्त्राच्या भाषेत याला पूर्वज्ञान जागृती म्हणतात, त्याला आपल्या पाठ टाचणात वेगळा रकाना असतो. तिचं उद्दिष्ट साध्य झालं होतं, बाई. तुमच्या समोर झालं होतं.

तुम्हाला खजील करायला लिहीत नाहीये. तुम्ही खजील झालातच आहात, म्हणून तर पत्र लिहिलंत. आणि पाटणची मुलगी म्हणून तुम्हाला एक विचारते. माथाडींच्या वस्तीतल्या घरात तुम्ही कसं बोलायचात? 'आलो व्हतो', 'न्हाय', 'कशापायी'? तो सूर कुठल्या वर्गात, कुणाच्या शेऱ्याने गेला, आठवतं का? आठवलं तर ते प्रबंधाच्या प्रस्तावनेत लिहा. संशोधक कुठे उभा राहून बघतोय हे लिहिणं आता अशास्त्रीय मानत नाहीत, उलट नाही लिहिलं तर परीक्षक विचारतात.

मग काम कसं करायचं?

सगळ्यात आधी वह्या. कॉलेजच्या माळ्यावर पाठ टाचणाच्या जुन्या वह्या असतील. तपासणी समिती येऊन गेली की काही वर्षांत त्या रद्दीत जातात. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊन दोन-तीन तुकड्यांच्या वह्या अडवा. त्यांतले निरीक्षकांचे शेरे हीच तुमची सामग्री. कुठल्या गावच्या, कुठल्या माध्यमाच्या, कुठल्या आडनावाच्या विद्यार्थ्याला काय लिहिलं? 'उच्चार सुधारा' कुणाला, 'छान मांडणी' कुणाला? 'आत्मविश्वास कमी' हा शेरा मुंब्र्याहून येणाऱ्या उर्दू माध्यमाच्या मुलीला किती वेळा आणि घोडबंदर रोडवरच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलीला किती वेळा? शेऱ्यातला किती भाग विषयज्ञानाबद्दल, किती बोलण्याबद्दल, किती पेहरावाबद्दल? माझा अंदाज आहे, पण सांगत नाही. तुम्ही मोजा. अंदाज खोटा ठरला तर तेही तितकंच मोलाचं.

दुसरी गोष्ट छात्रसेवेच्या शाळांची. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि इंटर्नशिप वाढली. कुणाला कुठली शाळा मिळते हे कोण ठरवतं? नवी मुंबई महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशी माध्यमं आहेत. येऊरच्या पाड्यावरची शाळा आणि सेक्टरातली नामांकित शाळा, दोन्ही तुमच्या कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर. जर नामांकित शाळेत नेहमी 'स्मार्ट' मुलंच जात असतील तर शिक्षक घडायच्या आधीच वाटणी झालेली असते. हा दुसरा प्रबंध होईल कदाचित. पहिल्यात एक प्रकरण पुरे.

आणि आता जिथे भले भले घसरतात ती जागा. ज्यांना तुम्ही अंतर्गत गुण देता त्यांच्याच मुलाखती घेऊ नका. संमतीपत्रावर सही मागितलीत तर ती मुलगी 'नाही' कशी म्हणेल? तिचे गुण तुमच्या हातात आहेत. समतेवरच्या प्रबंधाची सुरुवातच अशा सहीने व्हायला नको. निकाल लागून बाहेर पडलेल्या तुकड्यांशी बोला, किंवा दुसऱ्या कॉलेजात जा. वह्यांतली नावं काढून टाका. निरीक्षकांचीही नावं काढा, कारण ते तुमचे सहकारी आहेत आणि उद्या त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचाय. फक्त एका निरीक्षकाची ओळख लपवू नका. तुमची स्वतःची.

भाषेचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. प्रबंध मराठीत लिहा. महाराष्ट्रात शिक्षणशास्त्राचे प्रबंध मराठीत झालेले आहेत, शोधगंगेच्या संकेतस्थळावर बसल्या जागी वाचायला मिळतात. 'अशुद्ध'ला इंग्रजीत नेलंत की त्यातलं सोवळं गळून पडेल आणि नुसती चूक उरेल. मग तुमच्याकडे विषयच राहणार नाही. वाचन मात्र इंग्रजीत भरपूर करावं लागेल. दोन कागदपत्रं लगेच वाचा. २००९ चा शिक्षक-शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, आणि २०१२ चा न्यायमूर्ती वर्मा आयोगाचा अहवाल. हा आयोग महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या खटल्यातून निघाला. शिक्षक घडवणाऱ्या संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खाजगी आहेत हे त्याने नोंदवलं. विनाअनुदानित कॉलेजात नऊ वर्षं काढलेल्या बाईला या आकड्याचा अर्थ मी काय सांगणार? फुल्यांचे १२ रुपये आठवा. शिक्षकांना समता शिकवणाऱ्याला किती पगार मिळतो आणि तो कुठल्या महिन्यात मिळतो, हाही समतेचाच प्रश्न आहे. तो प्रबंधात घालायचा की नाही ते नोकरी सांभाळून ठरवा. मी तरी शौर्याचा सल्ला देणार नाही.

गाइड. त्या मॅडमना आणखी एकदा भेटा, पण विषयाचं नाव घेऊन नको. होरीचा प्रसंग आणि दहा वह्यांतल्या शेऱ्यांचा तक्ता घेऊन जा. नाव ऐकून 'मोठा विषय' म्हणणारी माणसं तक्ता बघून वाकून बसतात, हे मी पाहिलंय. तरी नाहीच पटलं तर दुसरीकडे जा. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग आहे, एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, देवनारला टाटा समाज विज्ञान संस्था आहे. विज्ञान किंवा गणिताचं शिक्षण हा विषय असता तर वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दला होमी भाभा केंद्र होतं, पण तुमचा गाभा भाषा आहे. कुणालाही विचारताना एक व्यवहाराची गोष्ट आधी विचारा, निवृत्तीला किती वर्षं आहेत? ३ वर्षांहून कमी सेवा उरली असेल तर नियमाने नवा विद्यार्थी घेता येत नाही. आणि हातात किती विद्यार्थी आहेत तेही. सहायक प्राध्यापकाला ४, सहयोगीला ६, प्राध्यापकाला ८ ही मर्यादा आहे.

नोकरी सांभाळून करणार म्हणजे अर्धवेळ नोंदणी. त्याला कॉलेजचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात नुसतं 'हरकत नाही' चालत नाही. संशोधनाला पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, कामातून मोकळं करू, हे त्यात लिहिलेलं असावं लागतं. सही घ्यायला जाल तो दिवस नीट निवडा. प्रवेशाच्या धामधुमीत नको, निकाल चांगला लागल्याच्या आठवड्यात जा. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. मुदत ६ वर्षांची, पुनर्नोंदणीने २ वाढतात, बायकांना आणखी २ मिळतात. म्हणजे ओढूनताणून १०. मुलगा नववीत आहे, दहावीचं वर्ष वाचनात आणि नेटच्या तयारीत घालवा, दोघं एकाच टेबलावर बसा. तो अकरावीत गेला की नोंदणी करा. सासूबाईंची सेवा, मुलाची परीक्षा आणि प्रबंध हे तिन्ही एकाच मार्चमध्ये आणू नका. प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली, तरी तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम बघून घ्या. आणि पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या मासिकांचे मेसेज येतील, ते न वाचता पुसा.

कापलेल्या पानांत रोज किती वेळ मिळेल असं विचारलंयत. कोपरखैरणे ते ठाणे तुम्ही गाडीने जाता. जाताना झोपत नसाल तर ती जायची-यायची वेळ शेऱ्यांच्या वर्गीकरणाला पुरते. एका वेळी एक वही. गाडी घणसोलीला थांबते तेव्हा डोकं वर काढा.

एक काम मात्र नोंदणीची वाट न बघता या आठवड्यात करा. त्या मुलीची वही शोधा. तुमच्या शेऱ्यानंतरच्या पाठांची टाचणं वाचा, भाषा कुठे बदलली ते पाहा. ती आता कुठे शिकवते, शिकवते की नाही, हेही कळलं तर मला लिहा. आणि बाई, तुम्ही सहा पानांत सगळं लिहिलंत, पण त्या पाठाला दहापैकी किती गुण दिलेत ते लिहिलेलं नाही.